सायकलच्या इंजिन किटचे मागचे स्प्रॉकेट: ३६, ४०, ४४ आणि ५० दाते वापरून पाहिल्यानंतर

साध्या सायकलच्या फ्रेममध्ये बसवता येणारे दोन-स्ट्रोक इंजिनाचे किट निरनिराळ्या नावांनी विकले जाते आणि त्याच्या खोक्यात मागच्या चाकासाठी बहुधा ४४ दात्यांचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावरून फिरते ते दातेरी चक्र, असते. किट जोडून सायकल एकदा चालू लागली की हे ४४ दाते तसेच ठेवावेत, वेगासाठी कमी करावेत की चढासाठी वाढवावेत, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. मी एकाच सायकलवर, तेच इंजिन आणि तेच टायर ठेवून ३६, ४०, ४४ आणि ५० दात्यांची स्प्रॉकेट आलटून पालटून वापरली, आणि स्प्रॉकेट थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीवर, धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा क्लॅम्पही लावून पाहिला. मत आधीच सांगून टाकतो: दात्यांचा आकडा किट बनवणाऱ्यांनी विचार करून ठरवला आहे, खरी कसूर आहे ती ते स्प्रॉकेट चाकाला बांधण्याच्या पद्धतीत.

आधी इंजिनाविषयी थोडेसे, कारण गियर रेशोचा सगळा हिशेब त्याच्या कुवतीवर उभा आहे. खोक्यावर ‘८० सीसी’ असे ठसठशीत छापलेले असले, तरी सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३८ मिलिमीटर धरला की घनफळ ६६ सीसीच्या आसपास भरते. इंजिनाच्या पोटात क्रँकवरचा २० दात्यांचा गियर क्लचच्या ८२ दात्यांच्या गियरला फिरवतो, म्हणजे पहिली घट ४.१ पट होते. बाहेर पुढे १० आणि मागे ४४ दाते असल्यामुळे दुसरी घट ४.४ पट होते. दोन्हींचा गुणाकार १८.०४ येतो, म्हणजे इंजिनाचे साधारण १८ फेरे झाले की मागचे चाक एकदा फिरते. २६ इंची चाकावर जाडसर टायर असेल तर चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर भरतो. यावरून ४४ दात्यांवर इंजिनाच्या दर हजार आरपीएममागे (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांमागे) ताशी ६.९ किलोमीटर वेग मिळतो. हाच आकडा ५० दात्यांवर ६.१, ४० वर ७.६ आणि ३६ वर ८.४ येतो. हे चार आकडे हँडलवर चिकटवून ठेवावेत इतके उपयोगाचे आहेत, कारण वेग दाखवणारे साधे मीटर असले की भागाकार करून इंजिन किती फिरते आहे ते कळते आणि वेगळे टॅकोमीटर घेण्याची गरज उरत नाही. ज्याच्या सायकलचे चाक वेगळ्या मापाचे आहे, त्याने व्हॉल्व्हच्या जागी जमिनीवर खूण करावी, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा पुढे जावे आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजून हे आकडे नव्याने काढावेत. टायरवर छापलेल्या इंचांवर विसंबू नये.

४४ दात्यांवर सायकल कशी चालते ते सांगणे सोपे आहे, कारण ती कशातच फार कमी पडत नाही. पॅडल मारून थोडी गती घ्यावी आणि क्लच सोडावा की इंजिन लगेच पकड घेते. ताशी २० ते ३० किलोमीटरमध्ये मूठ थोडीशी पिळली तरी पिकअप जाणवतो, आणि सौम्य चढावर पॅडलला हात, म्हणजे खरे तर पाय, लावावा लागत नाही. अडचण सुरू होते ती ३२ च्या पुढे. त्या वेगाला इंजिन ४,६०० च्या वर फिरत असते आणि एक सिलिंडरच्या या इंजिनाचा तोल मुळातच बेताचा असल्यामुळे सीट, हँडल आणि पॅडल यांना मुंग्या येतील अशी थरथर सुरू होते. ताशी ४० गाठायचे तर आरपीएम ५,८०० पर्यंत चढतो. सायकल तिथवर जाते, पण तिथे राहावेसे वाटत नाही. रोजचा रस्ता सपाट, लांब आणि मोकळा असणाऱ्यांना ४४ दाते का खटकतात, ते यावरून कळते.

त्यामुळे बहुतेक जण उडी मारतात ती थेट ३६ दात्यांवर. कागदावर तर हे स्प्रॉकेट फारच मोहक दिसते. ५,००० आरपीएमला ४४ दात्यांवर ताशी ३४ किलोमीटर मिळतात, तर ३६ वर ४२. पिस्टनसारख्या पुढेमागे हलणाऱ्या भागांचे असमतोल बल आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे त्याच वेगाला ३६ दात्यांवर थरथर जवळपास एक तृतीयांशाने कमी होते, आणि सपाट रस्त्यावर वारा पाठीशी असताना हा फरक खरोखर सुखद आहे. पण इंजिनाने किती फेरे मारावेत हे स्प्रॉकेट ठरवू शकते, इंजिनाकडे किती ताकद आहे हे मात्र ठरवू शकत नाही. ताशी ५० किलोमीटरला सरळ बसलेल्या स्वाराला हवेचा अडथळा आणि टायरचे घर्षण मिळून साधारण १,१०० वॉट लागतात. त्यात समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आला की हीच गरज १,५०० वॉटच्या घरात जाते. या इंजिनाकडे एवढी शिल्लक नसते. परिणामी मूठ पूर्ण पिळलेली, आवाज घुसमटलेला आणि वेगाचा काटा मात्र ४४ दात्यांवर असायचा त्याच्या जरासाच पुढे, असा प्रकार होतो.

चढावर तर ३६ दात्यांचे पितळ पूर्ण उघडे पडते. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन आहे आणि दर १०० मीटरला ८ मीटर चढणारा रस्ता आहे असे समजू. ताशी २५ च्या वेगाने हा चढ चढायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ७८ न्यूटन, हवेसाठी १७ आणि टायरसाठी ८ न्यूटन बल लागते. म्हणजे मागच्या चाकापाशी ७०० वॉटपेक्षा थोडी जास्त, जवळजवळ एक अश्वशक्ती इतकी ताकद पोचली पाहिजे. ही गरज चारही स्प्रॉकेटना सारखीच आहे. फरक आहे तो ही ताकद इंजिनाने कुठल्या आरपीएमला द्यायची यात. ५० दात्यांवर इंजिन ४,१०० वर फिरत असते, ४४ वर ३,६०० वर, आणि ३६ वर जेमतेम २,९७० वर. पिस्टननेच पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधली भोके, उघडझाक करणारे हे साधे इंजिन तीन हजारांच्या खाली मिश्रण नीट भरून घेत नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आपण त्याच्याकडून ४४ दात्यांपेक्षा २२ टक्के जास्त टॉर्क मागत असतो. चढ सुरू झाल्यावर आधी आवाज जाड होतो, मग प्रत्येक ठोका सुटा ऐकू येऊ लागतो, आणि वेग घसरत गेल्यामुळे आरपीएम आणखी पडतो, तसा टॉर्कही पडतो. गियर बदलण्याची सोय नसल्यामुळे हा उतार मध्ये कुठे थांबत नाही. पॅडल मारा नाहीतर क्लच दाबा, एवढेच हाती उरते. क्लच अर्धवट दाबून इंजिन रेस करत चढ काढण्याचा मोह होतो, पण त्यात क्लचच्या पॅडचा भुगा होतो.

३६ दात्यांबाबत आणखी एक गोष्ट विक्रीच्या मजकुरात कुठे दिसत नाही, ती ब्रेकची. वेग ३४ वरून ४२ वर गेला की गतिज ऊर्जा दीडपट होते, आणि ब्रेक तोच असेल तर थांबायला लागणारे अंतरही त्याच हिशेबाने वाढते. पॅडलच्या वेगासाठी घडवलेल्या रिम ब्रेकवर, त्यातही रिम ओली असताना, हा दीडपटीचा फरक चांगलाच अंगावर येतो. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक नसेल तर ३६ दात्यांचा विचार मनात आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

४० दात्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि हीच त्याची स्तुती. ताशी ३२ ला आरपीएम ४,६५० ऐवजी ४,२३० होतो, असमतोल बल १७ टक्क्यांनी घटते, आणि सौम्य चढ ४४ च्या मानाने थोडे जड पण न कुरकुरता पार पडतात. रस्ता बहुतांशी सपाट असेल, स्वार फार वजनदार नसेल आणि मागे सामानाचे कॅरिअर भरलेले नसेल, तर चौघांतले हेच सर्वांत सुखाचे. ज्यांना ३६ हवे असते त्यांना बहुतेक वेळा खरे तर ४० हवे असते.

५० दाते हा चढाच्या प्रदेशासाठीचा पर्याय आहे आणि तिथे तो चोख काम करतो. मघाच्याच चढावर इंजिन मोकळ्या गळ्याने चालते, उभ्या जागेवरून निघताना पॅडलचे दोन-तीन फेरे पुरतात, आणि गर्दीत सावकाश जातानाही क्लचला फारसा हात लावावा लागत नाही. त्याची किंमत सपाटीवर मोजावी लागते, कारण ताशी ३२ ला आरपीएम ५,२८० होतो आणि तासभराच्या प्रवासानंतर तळहात बधिर होतात. उतारावर मात्र एक जपण्यासारखी बाब आहे. दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळते. मूठ सोडली की पेट्रोल घटते आणि त्याबरोबर तेलही. लांब उतारावर क्लच न दाबता ताशी ४५ ने घरंगळत गेलो, तर ५० दात्यांवर इंजिन ७,४०० आरपीएमने फिरत असते आणि पिस्टनला तेल मात्र नावापुरते पोचत असते. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकण्याला याहून चांगले निमंत्रण नाही. म्हणून ५० दाते लावणाऱ्याने उतार सुरू होताच क्लच दाबून त्याच्या खिट्टीत अडकवावा आणि वेग ब्रेकनेच आवरावा.

पुढचे १० दात्यांचे स्प्रॉकेट बदलून हे सगळे स्वस्तात साधता येईल का, असे वाटणे साहजिक आहे. हिशेबाने पुढे एक दाता वाढवणे म्हणजे मागचे चार दाते कमी करण्यासारखेच आहे, कारण ११ आणि ४४ यांचा रेशो १० आणि ४० इतकाच येतो. पण कव्हराखाली जागा इतकी बेताची असते की मोठ्या स्प्रॉकेटवरून जाणारी चेन आतल्या बाजूला घासण्याची भीती असते. उलट दिशेने जाऊन ९ दाते लावणे मला पसंत नाही. दाते जितके कमी, तितकी चेन गोलाईऐवजी कोपऱ्याकोपऱ्यांनी वळते. १० दात्यांवर चेनचा वेग प्रत्येक दात्यामागे जवळपास ५ टक्के कमीजास्त होतो आणि ९ दात्यांवर ६ टक्के. हे हिसके चेन, बेअरिंग आणि मागचे आरे या सगळ्यांना सोसावे लागतात. पुढच्या स्प्रॉकेटला हात लावू नये.

आता मुख्य तक्रारीकडे वळतो. किटमधले स्प्रॉकेट हबला धरलेले नसते, ते आऱ्यांना धरलेले असते. आऱ्यांच्या आतून एक आणि बाहेरून एक अशा रबराच्या दोन जाड चकत्या, आतल्या बाजूला कमानीच्या आकाराच्या तीन लोखंडी पट्ट्या, आणि या सगळ्यातून आरपार जाणारे नऊ बोल्ट, अशी ही रचना आहे. ३६ आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमधल्या फटी नऊ बोल्टांशी नीट जुळतात. आरे कमी असलेल्या चाकात ही जोडणी सरळ बसतच नाही. झटके रबर शोषून घेते आणि आऱ्यांचा बचाव होतो, हा यातला गुण मान्य करायला हवा. पण स्प्रॉकेटचे मधले भोक हबपेक्षा बरेच मोठे असते आणि ते मध्यावर आणणारे काहीही या रचनेत नाही. सगळा मामला नजरेवर आणि बोल्ट आवळण्याच्या क्रमावर अवलंबून राहतो.

याचा परिणाम पाहायचा असेल तर मागचे चाक अधांतरी ठेवून, फ्रेमच्या मागच्या नळीला एक ताठ तार बांधावी आणि तिचे टोक दात्यांच्या अगदी जवळ आणून चाक हाताने सावकाश फिरवावे. अर्ध्या फेऱ्यात दाते तारेला टेकतात आणि उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात तिच्यापासून दोन मिलिमीटर लांब जातात. त्याच वेळी खालची चेन एकदा तारेसारखी ताठ होते आणि एकदा झोळीसारखी लोंबते. चाकाचा आऊट काढावा तसा या स्प्रॉकेटचाही आऊट काढावा लागतो: जिकडे दाते बाहेर येतात तिकडचे बोल्ट थोडे ढिले करायचे, लाकडाच्या ठोकळ्याने स्प्रॉकेट हलके ठोकायचे, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे आणि पुन्हा तार पाहायची. हे नीट जमले तरी रबर काही दिवसांनी बसते, बोल्ट सैल होतात आणि सगळे पुन्हा करावे लागते. दात्यांची संख्या चुकली म्हणून चेन उतरते अशी तक्रार जेव्हा ऐकू येते, तेव्हा दोष बहुधा या वेड्यावाकड्या बसलेल्या स्प्रॉकेटचाच असतो.

यावर उपाय म्हणून मिळणारा हबचा क्लॅम्प दोन अर्ध्या भागांचा असतो. ते दोन भाग हबच्या नळीभोवती बोल्टांनी आवळले जातात आणि स्प्रॉकेट त्यांच्या सपाट तोंडावर बसते. खरादावर कातलेल्या या गोलाईमुळे स्प्रॉकेट आपोआप मध्यावर येते, आणि तारेच्या परीक्षेत फरक नखाएवढाही उरत नाही. चेनचा आवाज निम्म्यावर आला, चेन ताणून धरणाऱ्या रोलरची गरज जवळजवळ संपली आणि स्प्रॉकेट बदलणे म्हणजे थोडेसे बोल्ट काढून लावणे एवढेच काम राहिले. मात्र हबच्या नळीचा व्यास व्हर्नियरने मोजल्याशिवाय हा क्लॅम्प मागवू नये. एखादा मिलिमीटर मोठा निघाला तर पत्र्याची पट्टी गुंडाळून भागवता येते, लहान निघाला तर काहीच करता येत नाही. तसेच स्प्रॉकेटवरची भोके क्लॅम्पच्या भोकांशी जुळतात की नाही, हे आधी विचारून घ्यावे. नऊ भोकांचे स्प्रॉकेट प्रत्येक क्लॅम्पवर बसत नाही. रबर नसल्यामुळे इंजिनाचे हिसके थेट हबपर्यंत पोचतात, हे खरे आहे. जुना, पातळ पत्र्याचा हब असलेल्या चाकावर मी हा क्लॅम्प लावणार नाही.

स्प्रॉकेट बदलताना चेनच्या लांबीचा विचार आधी करावा. मागे जितके दाते बदलतात, त्याच्या निम्म्या कड्या चेनमध्ये कमी-अधिक होतात. ४४ वरून ४० वर गेल्यास दोन कड्या आणि ३६ वर गेल्यास चार कड्या काढाव्या लागतात, आणि या सम संख्या असल्यामुळे चेन लॉक व्यवस्थित बसते. ५० वर जाताना तीन कड्या वाढवाव्या लागतात, आणि विषम संख्येमुळे एक तर अर्धी कडी वापरावी लागते किंवा एक कडी जास्त ठेवून उरलेली ढिलाई चाक मागे सरकवून काढावी लागते. चाकाचा आस सरकवण्यासाठी फ्रेममध्ये आडवी खाच असेल तर हे सहज होते; खाच उभी असेल तर रोलर अटळ आहे. तो रोलर फ्रेमच्या नळीवर नुसत्या चिमट्याने धरलेला असतो आणि चेनच्या ओढीने फिरून आऱ्यांत घुसू शकतो, म्हणून त्याला एक जादा बोल्ट मारून जागीच जखडावे. ५० दात्यांच्या स्प्रॉकेटचा व्यास दातांच्या टोकांपर्यंत २० सेंटिमीटरच्या वर जातो, ४४ च्या मानाने जवळपास अडीच सेंटिमीटर जास्त, त्यामुळे ते फ्रेमच्या नळीला घासणार नाही ना हे आधी पाहावे. मूळचे स्प्रॉकेट थोडे खोलगट असते. ते उलटे लावून चेन आत-बाहेर सरकवता येते, आणि जाड टायरला चेन घासत असेल तर हा उपाय फुकटात होतो.

एकाच रेशोच्या कचाट्यातून सुटण्याचा पूर्ण मार्ग म्हणजे इंजिनाची ताकद मधल्या शाफ्टवरून पॅडलच्या जागी नेऊन सायकलच्याच मागच्या गियरमधून चालवणारे शिफ्ट किट. मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे गियरच्या चकत्यांच्या संचात, ११ ते २८ दाते असतील तर सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या गियरमध्ये अडीच पटींचा फरक मिळतो, आणि ३६ की ५० हा वादच मिटतो. मी ते एका परिचिताच्या सायकलवर चालवून पाहिले. चढावरचा फरक थक्क करणारा आहे, पण तीन चेन, दोन फ्रीव्हील आणि तेवढ्याच सरळ रेषा जुळवण्याची जबाबदारी अंगावर येते, आणि पायांच्या ताकदीसाठी घडवलेली अरुंद सायकल चेन इंजिनाखाली लवकर झिजते. हाताशी व्हाइस, ग्राइंडर आणि भरपूर सवड असणाऱ्यानेच त्याच्या वाटेला जावे. दुसऱ्या टोकाला टायरवर रोलर दाबून चालणारी जुनी रीत आहे. १९४६ मध्ये बाजारात आलेल्या फ्रान्सच्या वेलोसोलेक्सने पुढच्या चाकावर ती दशकानुदशके चालवून दाखवली. तिथे गियर रेशो रोलरच्या व्यासावरून ठरतो आणि चेनची कटकटच नसते, मात्र टायर ओला झाला की रोलर घसरतो.

खरेदीला निघालेल्याने पहिला खर्च स्प्रॉकेटवर न करता क्लॅम्पवर करावा आणि किटमधलेच ४४ दाते त्यावर बसतात का ते पाहावे. नीट मध्यावर बसलेल्या ४४ दात्यांवर काही आठवडे चालवून, आपला नेहमीचा वेग कोणता आणि त्या वेगाला आरपीएम किती होतो, आणि रस्त्यातल्या सर्वांत कठीण चढावर इंजिन तीन हजारांच्या खाली जाते का, एवढे टिपून ठेवावे. चढावर आरपीएम साडेतीन हजारांच्या वर राहत असेल आणि थरथर मात्र नकोशी होत असेल, तर ४० दाते घ्यावेत. चढावर रोज पॅडल मारावे लागत असेल तर ५० घ्यावेत. माझ्याकडचे ३६ दात्यांचे स्प्रॉकेट तेल लावून कपाटात ठेवले आहे. इंजिनाला मोकळा सायलेन्सर आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसेपर्यंत ते तिथेच राहील.